'हलेलुया'खाली दबलेला अल्बम

गेल्या महिन्यात मोहल्ल्यातला एक तरुण पोरगा अपघातात गेला. त्याच्या दोस्तांनी फोटो जमवून तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ केला आणि दोन दिवस तो सगळ्यांच्या स्टेटसवर फिरत राहिला. कॉलेजातले फोटो, क्रिकेटचे, ईदच्या दिवशीचे. मागे गाणं होतं जेफ बकलीच्या आवाजातलं 'हलेलुया'. कबरस्तानाबाहेर उभ्या असलेल्या एका बुजुर्ग चाचांनी मोबाईल माझ्यापुढे धरून विचारलं, "ये गिरजे का गाना कायकू लगाए रे पोरे?" मी म्हणालो, "चाचा, गाना तो दाऊद अलैहिस्सलाम के जिक्रसेच शुरू होता." चाचा गप्प झाले. दाऊद म्हटल्यावर त्यांना लहन-ए-दाऊदी आठवली असणार. ज्या आवाजाबरोबर डोंगर आणि पाखरंही तस्बीह करायची, तो आवाज. मान हलवून ते वजूला गेले.

घरी आल्यावर मात्र मला चुटपुट लागली. मी चाचांना अर्धवट उत्तर दिलं होतं. गाणं दाऊदपासून सुरू होतं हे खरं, पण तिथे थांबत नाही. ते वासनेकडे जातं, हरलेल्या प्रेमाकडे जातं, कडवट होतं. मूळ गाणं कॅनडाच्या लेनर्ड कोहेनचं, 1984 च्या 'व्हेरियस पोझिशन्स' या अल्बममधलं. हा अल्बम कोलंबिया कंपनीने तेव्हा अमेरिकेत काढायलाच नकार दिला होता. पुढे 1991 मध्ये जॉन केलने ते पियानोवर गायलं आणि बकलीने त्याच्याकडून उचललं. खुद्द बकली सांगायचा की त्याच्यासाठी हे देवभक्तीचं गाणं नाही, दोन देहांच्या सुखाचं आहे. आता हे कबरस्तानाच्या दारात चाचांना कसं सांगणार?

त्या पोरांना मी दोष देत नाही. दोस्त गेल्यावर हाताला जे लागलं ते त्यांनी लावलं, आणि जगभर हेच गाणं हाताला लागतं. माझी तक्रार वेगळी आहे. 'हलेलुया' हे 'ग्रेस' नावाच्या अल्बममधलं दहापैकी एक गाणं आहे, आणि या एका गाण्याने बाकीची नऊ गाणी गिळून टाकली. त्या नऊ गाण्यांत जे आहे ते आपल्या फार जवळचं आहे. इतकं जवळचं की अमेरिकेतल्या समीक्षकांपेक्षा मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला रात्र जागवलेल्या माणसाला ते लवकर कळावं.

मला स्वतःला मात्र ते कळायला बारा वर्षं लागली, आणि त्याला कारण एक कॅसेट.

1998 ची गोष्ट. पुण्यात शिकत होतो. खोलीतला साथीदार इंग्रजी गाण्यांचा शौकीन होता. त्याच्या मामेभावाने परदेशातून आणलेली सीडी त्याने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतली होती. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. 'ग्रेस' आहे जवळपास बावन्न मिनिटांचा. त्यामुळे नववं गाणं 'इटर्नल लाइफ' संपत आलेलं असताना कट्कन तुटायचं आणि दहावं 'ड्रीम ब्रदर' त्या कॅसेटवर आलंच नाही. दुसरी बाजू कोरी होती. सुट्टीत मिरजेला गेलो तेव्हा अब्बांच्या कॅसेटवरून मी तिच्यावर नुसरत फतेह अली खान भरून आणले. पैसे नव्हते, एवढाच विचार. तेव्हा पाठोपाठ वाजणाऱ्या या दोन माणसांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं. साथीदार मात्र चेष्टा करायचा, "एका बाजूला आमचं, एका बाजूला तुमचं." तो मनाने वाईट नव्हता. पण हे 'तुमचं-आमचं' मला खुपायचं. त्याचं 'आमचं' म्हणजे कॅलिफोर्नियात वाढलेला एक पोरगा, आणि माझं 'तुमचं' म्हणजे फैसलाबादचे एक उस्ताद. आम्ही दोघं पुण्यात, मेसच्या एकाच डब्यातलं जेवणारे!

आता अल्बमकडे येतो. 'ग्रेस' आला 23 ऑगस्ट 1994 रोजी. ते वर्ष आठवून पाहा. एप्रिलमध्ये कर्ट कोबेनने स्वतःला संपवलं होतं. ग्रंजचा जमाना होता. गिटार खरखरीत, आवाज घशातून ओरखडून काढलेला, आणि फार सुरेल गाणं म्हणजे जणू खोटेपणा. अशा हवेत सत्तावीस वर्षांचा एक मुलगा येतो, जो कुजबुजीपासून पार टिपेच्या किंचाळीपर्यंत एका श्वासात जातो, नीना सिमोनने गायलेलं 'लायलॅक वाइन' गातो आणि बेंजामिन ब्रिटनने बांधलेलं मध्ययुगीन 'कॉर्पस क्रिस्टी कॅरोल' बायकांच्या सुरात गातो. ध्वनिमुद्रण न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल स्टुडिओत झालं. निर्माता होता अँडी वॉलेस, ज्याने निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'चं मिक्सिंग केलं होतं. म्हणजे कंपनीला अपेक्षा काय होती ते उघड आहे. तिला पुढचा रॉक स्टार हवा होता.

तसं झालं नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम 149 च्या वर चढलाच नाही. 'रोलिंग स्टोन'ने पाचपैकी तीन तारे दिले, म्हणजे ना धड कौतुक ना धड टीका. रॉबर्ट क्रिस्टगाऊसारख्या नावाजलेल्या समीक्षकाने तर त्याची रेवडीच उडवली. आक्षेप साधारण एकच होता. या पोराला स्वतःला काय व्हायचंय तेच ठरवता येत नाही. थोडा लेड झेपेलिन, थोडी नीना सिमोन, थोडं चर्च, आणि वरून नको तेवढं गळ्याचं प्रदर्शन. युरोपात मात्र कान वेगळे निघाले. फ्रान्समध्ये 1995 मध्ये त्याला अकादमी शार्ल क्रोचा मानाचा पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार आधी ज्यांना मिळाला त्यांत एदित पियाफही आहे. म्हणजे फ्रेंचांनी त्याला गायक म्हणून ऐकलं. अमेरिकनांनी त्याला रॉकवाला म्हणून ऐकलं आणि तो त्या मापात बसला नाही.

सिंगल्सचं तर विचारूच नका. अल्बमचं शीर्षकगीत, मग 'लास्ट गुडबाय', 'सो रिअल', 'इटर्नल लाइफ' अशी गाणी सुटी काढली गेली. त्यातलं फक्त 'लास्ट गुडबाय' थोडंफार चाललं. अमेरिकेच्या मॉडर्न रॉक यादीत 19 व्या क्रमांकापर्यंत गेलं. 'लास्ट गुडबाय' चांगलं आहे, सुरुवातीची स्लाइड गिटार सुंदर आहे, पण ते अल्बमचं दार नाही. ते फार तर व्हरांडा आहे. कंपनीने देखणा चेहरा विकायला घेतला आणि 'पीपल' मासिकाने 1995 मध्ये त्याला पन्नास सुंदर माणसांच्या यादीत टाकलं. त्याला या गोष्टीचा भयंकर संताप आला होता म्हणतात. आणि लक्षात घ्या, 'हलेलुया' त्याच्या हयातीत सिंगल म्हणून निघालंच नाही. आज जे गाणं म्हणजेच जेफ बकली असं समीकरण झालंय, ते विकण्यालायक आहे असं तेव्हा कुणाला वाटलंही नव्हतं.

आता नुसरत साहेबांकडे येतो. माझं म्हणणं इथूनच उभं राहतं.

1990 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, खोलीतल्या साथीदाराकडे बकलीने पहिल्यांदा नुसरत फतेह अली खान यांचा आवाज ऐकला. हे त्याने स्वतः लिहिलंय, नुसरत यांच्या 'द सुप्रीम कलेक्शन'च्या पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत. हे वाचलं तेव्हा मला माझी पुण्यातली खोली आठवली. त्याच्या आणि माझ्या खोलीत फरक एवढाच की त्याला त्याच रात्री सगळं कळलं. पुढे तो मॅनहॅटनच्या सेंट मार्क्स प्लेसवरच्या 'शिने' नावाच्या छोट्या आयरिश कॅफेत एकटाच टेलिकास्टर गिटार घेऊन गायचा, तेव्हा लोकांना सांगायचा की नुसरत म्हणजे त्याचा एल्विस. तो तिथे नुसरत यांची 'ये जो हल्का हल्का सुरूर है' ही कव्वालीही गायचा, उर्दूत, कानाने पाठ करून. 2003 साली निघालेल्या 'लाइव्ह अ‍ॅट शिने'च्या मोठ्या आवृत्तीत ती ऐकायला मिळते. 1996 च्या जानेवारीत 'इंटरव्ह्यू' मासिकासाठी त्याने नुसरत साहेबांची मुलाखत घेतली. पत्रकार म्हणून नव्हे, मुरीद म्हणून.

ती कव्वाली मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा खरं सांगायचं तर हसलो. उच्चार कच्चे आहेत. ना हार्मोनियम, ना तबला, ना मागे टाळ्या वाजवणारी पार्टी. गोरा पोरगा गिटारवर सरगम घेतोय म्हटल्यावर आपल्याला हसू येणारच. पण एक-दोन मिनिटांनी हसू थांबलं. तो नक्कल करत नव्हता. कव्वालीतली एक गोष्ट त्याला नेमकी कळली होती, ती म्हणजे तकरार. कव्वाल एकच मिसरा पुन्हा पुन्हा घेतो. पहिल्यांदा तो आपण अर्थासाठी ऐकतो. दहाव्यांदा अर्थ गळून पडतो आणि नुसता शब्द उरतो. विसाव्यांदा शब्दही जातो, उरतो फक्त सूर. तिथे मैफलीतला एखादा माणूस उठून उभा राहतो. त्याला आपण हाल म्हणतो. ज्यांनी उरुसात पहाटे तीन वाजता हे पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते वेगळं सांगायला नको.

आता हे डोक्यात ठेवून 'ग्रेस' पहिल्यापासून ऐका. पहिलं गाणं 'मोजो पिन'. त्याची सुरुवात शब्दांनी होतच नाही. गिटारच्या बारीक तारांवर तो बराच वेळ नुसता गुणगुणतो, सूर शोधत फिरतो. हा आलाप आहे, दुसरं काही नाही. रॉकच्या अल्बमचं पहिलं गाणं असं सुरू करणं म्हणजे दुकानाचं शटर अर्धंच उघडून आत अगरबत्ती लावत बसण्यासारखं. गिऱ्हाईक निघून जाईल ना! पुढे शीर्षकगीत 'ग्रेस'. विमानतळावरच्या ताटातुटीतून सुचलेलं हे गाणं शेवटाकडे जातं तेव्हा शब्द संपतात आणि त्याचा आवाज नुसता वर वर चढत राहतो. हीच दोन गाणी त्याने गॅरी लुकास या गिटारवादकाबरोबर रचली. समीक्षकांना इथे 'गळ्याचं प्रदर्शन' ऐकू आलं. मला तिथे तकरारीनंतरची ती जागा ऐकू येते, जिथे शब्द पुरत नाहीत म्हणून गळा सैल सोडावा लागतो. प्रदर्शन करणारा गायक टिपेला पोचल्यावर थांबून दाद घेतो. हा तिथे थांबत नाही, उलट तुटतो.

'लव्हर, यू शुड हॅव कम ओव्हर' हे माझ्या मते या अल्बमचं सर्वांत मोठं गाणं. हार्मोनियमसारख्या घरघरीवर ते उघडतं, आणि उशीर झालेल्या माणसाचं गाणं आहे. चूक कळली, पण ती गेली. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत तो ज्या रीतीने एकच विनवणी फिरवून फिरवून म्हणतो, ती कव्वालीची रीत आहे. हल्ली हेच गाणं छोट्या व्हिडिओंमधून पोरापोरींपर्यंत पोचलंय. सहा-सात मिनिटांच्या गाण्यातले पंधरा सेकंद. तकरारीतून एकच मिसरा कापून घेतल्यासारखं. असो, निदान 'हलेलुया'ची मक्तेदारी तरी मोडतेय.

आणि 'ड्रीम ब्रदर'. माझ्या कॅसेटवर न मावलेलं गाणं. 2010 च्या आसपास इंटरनेटवर मी पूर्ण अल्बम ऐकला आणि शेवटचं गाणं लागलं तेव्हा ताठ होऊन बसलो. गाण्याच्या तळाशी तबला आहे. हेडफोन लावून दोनदा ऐकलं. तबलाच. अल्बमवरच्या नावांत शोधलं तर तिथे नोंद होती, तबला मिशा मसूद. बारा वर्षं माझ्या कॅसेटवर अल्बम जिथे तुटत होता, बरोबर त्याच्या पलीकडे तबला वाजत होता, आणि कॅसेट उलटली की मी भरलेले नुसरत सुरू होत होते. मधला पूलच तेवढा गाळला गेला होता. गाणं आहे एका मित्राला केलेली विनंती. मित्राची जोडीदार गरोदर होती आणि तो तिला सोडून निघाला होता. बकली त्याला सांगतो, माझ्या बापाने जे माझ्याशी केलं ते तू तुझ्या लेकराशी करू नकोस. त्याचा बाप टिम बकली, साठ-सत्तरच्या दशकांतला नावाजलेला गायक, 1975 मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी हेरॉइनने गेला. मुलाला तो फार थोडा भेटला होता. लोक म्हणायचे, आवाज बापाचा आहे. या पोराने आवाज बापाकडून घेतला असेल, पण घराणं स्वतः निवडलं. बाप नाही म्हणून त्याने उस्ताद शोधला.

इथे कुणी म्हणेल, हे पाश्चात्त्य लोक नेहमीच पूर्वेकडून उचलतात, त्यात कौतुक कसलं? हा प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे. उत्तरासाठी फार लांब जावं लागत नाही. 1994 च्या उन्हाळा-पावसाळ्यातच आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. जुलैमध्ये 'मोहरा' लागला आणि गल्लीगल्लीत 'तू चीज बडी है मस्त मस्त' वाजू लागलं. नुसरत यांच्या 'दम मस्त कलंदर'वर बेतलेलं. दोन वर्षांनी 'राजा हिंदुस्तानी'त 'कितना प्यारा तुझे रब ने बनाया' आलं, तेही त्यांचंच. आमच्याकडे वरातीत दोन्ही वाजली, आम्हीही नाचलो, खोटं कशाला सांगू? पण या व्यवहारात चाल घेतली गेली आणि माणूस वगळला गेला. लाल शहबाज कलंदर यांच्या नावाची धमाल होती, तिच्यातली मस्ती उरली आणि कलंदर गेला. बकलीने नेमकं उलट केलं. 'ग्रेस'मध्ये नुसरत यांची एकही चाल नाही. चोरी पकडायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. त्याने घेतली ती आवाज सोडून देण्याची हिंमत. आणि माणसाचं नाव तो मैफलीमैफलीत घेत राहिला.

आमच्या मिरजेला हा फरक नवीन नाही. कैरान्याहून आलेले अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थिरावले. त्यांनी दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीत ऐकलं, त्यांची सरगम त्याने बदलली, त्यांनी त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली आणि मराठी नाट्यपदंही गायली. 1937 मध्ये ते गेले, आणि ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला आजही त्यांच्या स्मरणात गाणं होतं. गाणारे, ऐकणारे कोण कुठल्या जातीधर्माचे आहेत हे तिथे कुणी विचारत नाही. खाँसाहेबांनी कर्नाटकातून 'उचललं' असं मिरजेत कुणी म्हणत नाही, आम्ही म्हणतो खाँसाहेब शिकले. मग हार्लेममधल्या पोरासाठी वेगळी तागडी का वापरायची? 1995 मध्ये फ्रान्समधल्या एका महोत्सवात हाच पोरगा अझरबैजानचे मुगाम गायक आलिम कासिमोव यांच्यासोबत गायला. ते गाणं 'लाइव्ह आ लोलिंपिया' या अल्बमवर आहे. नक्की ऐका. त्यात तो उस्तादापुढे वाट पाहतो, जागा देतो, आणि मगच तोंड उघडतो. एवढा अदब आपल्याकडच्या जुगलबंद्यांतही नेहमी दिसत नाही.

आता दुसऱ्या बाजूचंही बोलून टाकतो, नाहीतर म्हणाल की याला काहीच खटकत नाही. 'इटर्नल लाइफ' मला कधीच आवडलं नाही. द्वेषाविरुद्धचा राग आहे, नियत चांगली आहे, पण गिटारचा तो गडगडाट त्या काळातल्या शंभर बँडांचा आहे. माझ्या कॅसेटने ते अर्धवट तोडलं याचं मला दुःख झालं नाही. 'लायलॅक वाइन' सुंदर आहे, पण नीना सिमोन ऐकल्यावर त्यातली नाजूकता थोडी ठरवून आणल्यासारखी वाटते. म्हणजे 1994 चे समीक्षक अगदी बहिरे नव्हते. अल्बम चहूकडे पळतो हे त्यांचं निरीक्षण बरोबरच होतं. चुकलं ते इतकंच की त्यांनी त्याला गोंधळ म्हटलं. शागीर्द सगळ्या दारांवर जातो, पहिल्या अल्बमला तो शागीर्दच असतो. दुसऱ्या अल्बमपर्यंत थांबून पाहायला हवं होतं.

दुसरा अल्बम त्याच्या हातून पूर्ण झाला नाही. 29 मे 1997 रोजी मेम्फिसमध्ये, साथीदार वादक नव्या ध्वनिमुद्रणासाठी येऊन पोचत होते त्याच संध्याकाळी, तो कपड्यांनिशी, बूट घालूनच वुल्फ नदीच्या पाण्यात उतरला आणि बुडाला. वय तीस. शवविच्छेदनात ड्रग्ज निघाले नाहीत. नुसता अपघात. अडीच महिन्यांनी, 16 ऑगस्टला, नुसरत साहेब लंडनमध्ये गेले. वय अठ्ठेचाळीस. आमच्या घरी नुसरत गेल्याची बातमी आली तेव्हा अब्बांनी रात्रभर कॅसेट लावून ठेवली होती. बकलीचं नाव त्या दिवशी मला ठाऊकही नव्हतं.

आणि मग समीक्षा बदलली. अल्बम तोच, दहा गाणी तीच, पण ऐकणारे बदलले. आता प्रत्येक ओळीत त्यांना मृत्यूची चाहूल लागू लागली. पाणी आलं की बुडणं, निरोप आला की वर जाणं. त्याच 'रोलिंग स्टोन'ने, ज्याने तीन तारे दिले होते, 2003 मध्ये सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांत 'ग्रेस'ला 303 वा क्रमांक दिला आणि 2020 मध्ये 147 वा. अल्बम काही दरवर्षी सुधारत नव्हता! अमेरिकेत पाच लाखांचं गोल्ड प्रमाणपत्र मिळायला 2002 साल उजाडलं. 'हलेलुया' टीव्ही मालिकांमध्ये कुणी मेलं, कुणी रडलं की वाजू लागलं. 2007 मध्ये, गायक जाऊन दहा वर्षं झाल्यावर, ते एकदाचं सिंगल म्हणून निघालं. 2008 च्या नाताळात ब्रिटनमध्ये एका टीव्ही स्पर्धेची विजेती अलेक्झांड्रा बर्क हिने ते गाऊन पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा चिडलेल्या रसिकांनी बकलीचं विकत घेऊन त्याला दुसऱ्या क्रमांकावर नेलं. शेवटी खुद्द कोहेनही म्हणाले की हे गाणं जरा जास्तच लोक गायला लागलेत.

मला यातलं सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. जिवंत असताना या पोराला 'तू कोण आहेस ते ठरव' असं सांगितलं गेलं. मेल्यावर इतरांनी त्याच्या वतीने ठरवून टाकलं: देवदूत, पांढरा प्रकाश, चर्च. त्यात हार्लेमची ती खोली बसत नाही, उर्दू बसत नाही, तबला बसत नाही, म्हणून ते गाळलं गेलं. 2025 मध्ये एमी बर्ग यांचा त्याच्यावरचा माहितीपट आला, त्याने पुन्हा लोकांचं लक्ष गेलं हे चांगलंच. पण सरासरी ऐकणाऱ्यासाठी आजही नुसरत ही त्याच्या चरित्रातली एक मजेशीर तळटीप आहे. माझ्यासाठी ती मुख्य मजकूर आहे.

आणि आपल्याकडे? मे 2025 मध्ये केंद्र सरकारने ओटीटी मंचांना पाकिस्तानी चित्रपट, मालिका, गाणी बंद करण्याची सूचना केली. युद्धासारखी परिस्थिती होती, त्या राजकारणात मी इथे शिरत नाही. पण ज्या आवाजाने हार्लेममधल्या एका पोराचं आयुष्य बदललं, तो ऐकायला आपल्या पोरांना आता वाट वाकडी करावी लागत असेल, तर गल्लीत उरतं काय? 'मस्त मस्त' उरतं. दुसऱ्या बाजूने आमचेही काही लोक आहेत, ज्यांना दर्ग्यातली कव्वालीच खटकते, वाद्य आलं की हराम म्हणून मोकळे. समाविषयीचा वाद इमाम गजालींच्याही आधीपासून चालू आहे आणि त्यांनी तो 'इह्या'मध्ये किती बारकाईने मांडलाय हे त्यांना ऐकायचं नसतं. एकाला ते पाकिस्तानी म्हणून नको, दुसऱ्याला गाणं म्हणून नको. मधल्या मध्ये माझ्यासारखा माणूस, ज्याला ते त्याच्या अब्बांच्या कॅसेटवरचं म्हणून हवंय.

व्हिडिओ बनवणाऱ्या पोरांपैकी एक परवा दुकानावर भेटला. मी त्याला म्हणालो, बाकीचाही अल्बम ऐक, शेवटचं गाणं आधी ऐक. त्याला 'ड्रीम ब्रदर'ची लिंक पाठवली. रात्री उशिरा त्याचा मेसेज आला, "चाचा, थोडा बोअर है. लेकिन इसमें तबला कौन बजाया?" मी त्याला मिशा मसूद यांचं नाव लिहून पाठवलं आणि 'शिने'च्या त्या मैफलीतली कव्वाली जोडली.